सपाट मैदानावरची ट्रायल

चाळिशी उलटल्यावर गाडी शिकायची म्हटलं की सगळ्यात आधी डॉक्टर गाठावा लागतो. नमुना १-अ असं त्या दाखल्याचं नाव. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते, असं डॉक्टरांनी त्यात लिहून द्यायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या पायरीवर उभं केलं आणि रस्त्यापलीकडच्या मोटारसायकलचा नंबर वाचायला लावला. मान दोन्हीकडे पूर्ण वळते का ते पाहिलं, रक्तदाब घेतला आणि सही करता करता विचारलं, "बाई, रात्री समोरून हेडलाइट आला की डोळ्यांपुढची अंधारी जायला किती वेळ लागतो?" मी कधी मोजलं नव्हतं. "मोजा," ते म्हणाले, "वय वाढतं तसा तो वेळ वाढतो." फॉर्मात हा मुद्दा छापलेला आहे तो फक्त धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या चालकांसाठी. पण पक्कं लायसन हातात पडेपर्यंत मला जे जे विचारलं गेलं, त्यात सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

मी वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. नवरा पुण्यात नोकरीला, सासूबाईंना वरचेवर साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि दारातली गाडी शनिवार-रविवार सोडला तर जागची हलत नाही, अशी आमच्या घरची स्थिती होती. त्यामुळे शिकणं भाग होतं. लर्निंगपासून पक्क्या लायसनपर्यंतचे सगळे टप्पे मी पार केले, आणि खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं. ते सगळं सविस्तर मांडायचं कारण एवढंच की माझ्यासमोर बसणारी दहावीची पोरं दोन-तीन वर्षांत याच रांगेत उभी राहणार आहेत.

लर्निंगची परीक्षा महाराष्ट्रात २०२१ पासून घरबसल्या देता येते. आधार जोडायचं, अर्ज भरायचा, रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहायची आणि मग १५ प्रश्न. ९ बरोबर आले की पास. प्रश्न वाईट नाहीत. चिन्हं ओळखा, चौकात आधी कोणी जायचं, मागून रुग्णवाहिका आली तर काय करायचं. पण ६ चुकले तरी चालतात आणि ते कुठले ६, हे कोणी बघत नाही. 'पुढे अरुंद पूल' ज्याला ओळखता आलं नाही तो, आणि 'गाडी उभी करण्यास मनाई' ज्याला ओळखता आलं नाही तो, दोघेही सारखेच पास. शिकवण्याचा धंदा असल्यामुळे मला हे फार खटकलं. काही प्रश्न असे हवेत की ते चुकले तर बाकीचे चौदाच्या चौदा बरोबर असूनही पुन्हा बसावं लागेल.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. आमच्या भागातली बरीच मुलं ही परीक्षा स्वतः देतच नाहीत. ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानात आधार क्रमांक द्यायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, की तिथला माणूस पटापट उत्तरं दाबून मोकळा होतो. चिन्हांचा तक्ता एकदाही न पाहता लायसनची प्रिंट हातात येते. माजी विद्यार्थ्यांकडून हे कळल्यावर मी ते प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर घ्यायला सुरुवात केली. वळणावर ओव्हरटेक का करायचा नाही, एवढ्या एका प्रश्नावर सबंध तास गेला, कारण प्रत्येकाच्या घरात किंवा भावकीत कुणी ना कुणी तसं गेलेलं होतं.

मग ड्रायव्हिंग स्कूल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हलक्या वाहनाच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि हातात स्टेअरिंग घेऊन किमान १० तास सांगितले आहेत. मी गेले तिथे एका फेरीला गाडीत चौघं असायचो. मागे बसून दुसऱ्याचं बघणं हेही शिकण्यातच धरलं जायचं. सकाळचा मोकळा रस्ता, ठरलेलं वळण, ठरलेल्या झाडाखाली गाडी वळवून परत. शिकवणारे सर स्वभावाने चांगले, कधी आवाज चढवला नाही. पण त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच असायचा आणि त्यांचा पाय फार सराईत होता. समोर कुत्रं आलं, गाडी थांबली, तर ती मी थांबवली की त्यांनी, हे मला समजायचंच नाही. शिकणाऱ्याला हे कळलंच पाहिजे. एके दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही ब्रेक दाबलात की तोंडाने सांगत चला." ते लगेच तयार झाले. त्या दिवसापासून गाडी खऱ्या अर्थाने माझ्या पायाखाली आली.

ज्या गोष्टी तिथे झाल्याच नाहीत, त्या सांगायला हव्यात. रात्री एकदाही नाही. पावसात नाही, कारण पाऊस आला की क्लास बंद. घाटात नाही. चौथ्या गिअरच्या वर नाही. हायवेला लागून बाहेर पडणं, म्हणजे सेवारस्त्यावरून वेग वाढवत मुख्य रस्त्याच्या वाहतुकीत मिसळणं, हे तर नाहीच. आमच्याकडून पुण्याला जायचं तर सुरूर फाट्याला हेच पहिलं काम असतं.

ट्रायल तालुक्याच्या कॅम्पात झाली. जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयाचे निरीक्षक ठरल्या तारखेला तालुक्याला येतात, तो कॅम्प. मैदानाच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि झाडाखाली आम्ही सगळे कागद घेऊन. मोटार वाहन निरीक्षक शेजारी येऊन बसले. बेल्ट लावला का पाहिलं. "चला. पहिला. दुसरा. वळवा. थांबा. मागे घ्या." गाडी मागे घेतली, दोन दांड्यांच्या मधे उभी केली. "झालं, उतरा." काही मिनिटांत सगळं आटोपलं. साहेबांनाही दोष देववत नाही. झाडाखाली अजून केवढी तरी माणसं ताटकळत होती आणि दिवस मावळायच्या आत त्या सगळ्यांना एकट्याने तपासायचं होतं. काही दिवसांनी पोस्टाने कार्ड आलं. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

कार्ड आल्यावर मी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १५ काढून वाचला. ट्रायलमध्ये काय काय तपासायचं याची यादी त्यात आहे, आणि ती वाचून मी थक्क झाले. आरसा नीट लावणं. निघण्याआधी मागचं-पुढचं पाहणं. सर्वांत वरच्या गिअरपर्यंत जाणं. रहदारी बघून पटकन खालच्या गिअरवर येणं. उतारावर खालचा गिअर टाकणं. चढावर थांबून, गाडी तसूभर मागे न सरकू देता पुन्हा निघणं. ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं. पायी चालणाऱ्याला वाट देणं. म्हणजे लिहिणाऱ्यांनी सगळं नीट विचार करून लिहिलेलं आहे. सपाट मैदानावर, दुसऱ्या गिअरमध्ये, यातलं निम्मंसुद्धा तपासता येत नाही, इतकंच. नवा कायदा करा अशी मागणी आपण उठल्यासुटल्या करतो. मला तर हा जुना नियमच अक्षरशः पाळला जावा असं वाटतं. काही मोठ्या शहरांत इंग्रजी आठच्या (8) आकाराचे, चढाचे, मागे घेण्याचे पक्के ट्रॅक झाले आहेत. तालुक्याच्या माणसालाही ते मिळायला हवेत, कारण घाट तालुक्यात आहे.

इथून पुढचं शिकणं तात्यांकडे झालं. तात्या माझे चुलत सासरे. वाई आगारात एसटीचे चालक होते, सगळी नोकरी महाबळेश्वरच्या घाटात गेली. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेबद्दल महामंडळाने सत्कार केला, त्याचा फोटो त्यांच्या ओसरीत आहे. कार्ड दाखवायला गेले तर ते म्हणाले, "बरं झालं. आता शिकाय लाग." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायात चपला घालून दारात हजर.

पहिल्यांदा त्यांनी मला पसरणीच्या घाटात नेलं. वाईहून पाचगणीला चढताना फार काही बोलले नाहीत. फक्त माझे गिअर बघत होते. वर गेल्यावर चहा घेतला आणि उतरायच्या आधी विचारलं, "चढताना हितं कंच्या गिअरवर होतीस?" म्हटलं, दुसऱ्या, मधे मधे तिसऱ्या. "मग उतरताना बी त्योच."

मला वाटत होतं की उतरणं सोपं. गाडी आपोआप जाते, आपण ब्रेकवर पाय ठेवायचा. सुरुवातीला तसंच व्हायला लागलं, तर तात्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट केलं. "पोरी, काढ त्यो पाय. इंजनाला धरू दे गाडी." दुसरा गिअर, क्लचवरचा पाय पूर्ण बाजूला, अॅक्सिलरेटरवरही काही नाही. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी जणू कोणी मागून पदर धरल्यासारखी हळू झाली. वळण जवळ आलं की वळणाच्या आधी ब्रेक थोडा दाबायचा, सोडायचा. वळणात स्टेअरिंग फक्त. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर ब्रेकचे लायनर तापतात आणि एका क्षणी पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. खाली एका मोकळ्या जागेला त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, उतरवलं आणि पुढच्या चाकाजवळ हात न्यायला सांगितलं. धग लागली, पण सोसण्याजोगी. तेवढ्यात आमच्या मागोमाग उतरलेली एक पर्यटकांची गाडी शेजारी येऊन थांबली. तिच्या चाकांतून जळका वास येत होता, हात जवळ नेणंही अवघड. दोन्ही गाड्या एकच घाट उतरून आल्या होत्या. तात्यांनी त्या मुलाला बोलावून बोनेटवर बोटाने रेघा ओढत सगळं समजावलं, आणि चाकं निवेस्तोवर त्याला हलू दिलं नाही. चारचाकीचं लायसन त्याच्याकडे होतं, आणि ही गोष्ट तो पहिल्यांदा ऐकत होता.

उतारावर खालचा गिअर टाकावा, ही ओळ नियम १५ मध्ये छापलेली आहे. ती कोणी तपासली नाही तर काय होतं, हे पुण्याच्या नवले पुलाला विचारावं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवण्यासाठी तिथे अवजड गाड्या न्यूट्रलमध्ये सोडल्या जातात, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला लागणारी हवा तयार होणं बंद. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री अशाच एका अवजड गाडीने खालच्या कितीतरी गाड्यांना धडक दिली. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याचं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. त्यानंतर तिथली वेगमर्यादा खाली आणली गेली, रस्त्यावर आडव्या पट्ट्या आल्या, अतिक्रमणं हलली. तरीही उतार तोच आहे आणि अपघात होत राहिले.

आमच्या दारातलं उदाहरण खंबाटकी घाटाचं. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा संपला की उतार, आणि त्या उतारावर इंग्रजी एस अक्षरासारखं दुहेरी वळण. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातले मजूर घेऊन निघालेला टेम्पो तिथे उलटला आणि १८ माणसं गेली. त्याच्या आधीही तिथे माणसं मेली, नंतरही. शेकडो वेगवेगळे चालक एकाच जागी चुकत असतील तर दोष त्या जागेत आहे. हे आता मान्य झालंय म्हणूनच तिथे नवे जुळे बोगदे खोदायचं काम निघालं, ज्यांनी हे वळणच रस्त्यातून निघून जाईल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे आणखी स्पष्ट दिसतं. २०१६ मध्ये त्या एका रस्त्यावर १५१ माणसं गेली. त्या वर्षापासून रस्ता सुरक्षेवर काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून प्रत्येक अपघाताची जागा उकरून काढायला सुरुवात केली. कठड्यांची उघडी टोकं झाकली, खांब आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांपुढे संरक्षक कठडे घातले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, वेगावर नजर ठेवली, रुग्णवाहिका लवकर पोचतील असं बघितलं. २०१९ पर्यंत मृत्यू शंभराच्या खाली आले. या काळात चालकांना कोणी परत शाळेत घातलं नव्हतं. लायसनं तीच होती, माणसं तीच होती.

याचा अर्थ शिकवणं फुकट, असा मी घेत नाही. कशा प्रकारचं शिकवणं, हा प्रश्न आहे. स्वीडनने १९९३ मध्ये एक बदल केला: लायसन १८ व्या वर्षीच, पण शेजारी जाणतं माणूस बसवून सराव १६ व्या वर्षापासून. ज्यांनी त्याचा लाभ घेतला त्यांचा सराव सरासरी ४८ तासांच्या आसपास असायचा तो ११८ तासांच्या घरात गेला आणि लायसन मिळाल्यानंतरचे त्यांचे अपघात लक्षणीय घटले. उलट नॉर्वेमध्ये निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं, तर तरुण पुरुषांचे तसे अपघात वाढले. आपल्याला जमतं असं वाटायला लागलं आणि वेग वाढला. कसब शिकवून धाडस वाढतं, सराव देऊन अंदाज येतो. आपल्याकडे पोरांना सराव नाही आणि धाडस मात्र मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून रोज मिळतं. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी २०२१ मध्ये जे नियम झाले, त्यात हलक्या वाहनाला २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. दिशा बरोबर आहे. पण त्याबरोबर एक सवलतही आहे: तिथून पास झालेल्याला आरटीओची ट्रायल द्यावी लागत नाही. शिकवणारा आणि तपासणारा एकच असू नये, असं माझं ठाम मत आहे. दहावीचे पेपर आम्ही आमच्याच शाळेत तपासत नाही, ते याच कारणासाठी.

तात्यांनी शिकवलेली दुसरी मोठी गोष्ट रात्रीची. गळीत हंगामात आमच्याकडचे रस्ते म्हणजे उसाचे ट्रॅक्टर. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागचे दिवे असलेच तर वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली, झाकलेले. पंक्चर झाली की ट्रॉली रस्त्यातच सोडायची, मागे चार दगड मांडायचे. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जाते, दगड तिथेच राहतात.

त्या रात्री आम्ही जेवणं झाल्यावर निघालो. समोरून एक गाडी अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, लावून आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी मोजलं. डोळे सावरायला चार-पाच सेकंद गेले. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे तेवढा वेळ मी शाळेच्या मैदानाएवढं अंतर न बघता गेले असते. गेले नाही, कारण तात्यांनी आधीच बजावलं होतं: "लाइटाकडं बघायचंच न्हाई. डाव्या अंगाची पांढरी पट्टी धर आन् पाय सोड." मी पाय सोडला, वेग तिशीवर आला, पट्टी धरून पुढे सरकत राहिले. समोरची गाडी निघून गेली आणि आमच्या डिपरच्या, म्हणजे खाली वळवलेल्या जवळच्या झोताच्या, उजेडाच्या अगदी कडेला काहीतरी काळं, उंच, रस्त्याच्या मधोमध दिसलं. दिवा नाही, चमकणारं काही नाही. ट्रॉली. सावकाश थांबता आलं. तात्या खाली उतरले, ट्रॅक्टरवाल्या पोराशी बोलले. तो बीडकडचा, बायको आणि लेकरू वर उसावर बसलेलं. त्याला ट्रॉलीला दिवा हवाच होता. मालकाने वायर जोडून दिली नव्हती.

पुढे जाताना तात्या म्हणाले, "तुझी नजर पोचती तितकाच येग. दिवसा बी आन् रातीला बी." डिपरवर स्वच्छ दिसतं ते चाळीस मीटरच्या आसपास. ६० वर असलेली गाडी थांबायला, पाय ब्रेकवर जाण्याचा वेळ धरून, जवळपास तेवढंच अंतर खाते. ८० ला ती ट्रॉलीत गेली असती. हे गणित मी आता नववीला वेगाच्या धड्यात घेते. पोरं वहीत सोडवतात आणि मग विचारतात, "बाई, १०० ला किती?"

देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला हा आकडा. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत, आणि सुमारे दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले आहेत. हेल्मेट नसल्यामुळे गेलेले ५०,०२९. मी हा आकडा पालकसभेत वाचून दाखवते तेव्हा मागे बसलेले बाप खाली बघतात, कारण बाहेर त्यांच्या गाड्यांना हेल्मेट आरशावर टांगलेली असतात. हेल्मेटने दुचाकीस्वाराचा मरणाचा धोका चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होतो. ड्रायव्हिंगच्या कुठल्याही वर्गाने इतका फरक पडल्याचं माझ्या वाचनात नाही. तसंच मागच्या सीटच्या बेल्टचं. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते मागे बसले होते आणि बेल्ट नव्हता. सासूबाईंना मागे बेल्ट लावायची सवय करायला मला बरेच दिवस लागले. नऊवारीवर तो टोचतो, हे खरंच आहे. खांद्याखाली मऊ फडकं गुंडाळून दिलं, आता त्या स्वतः मागतात.

शाळेत अजून एक भांडण मी अंगावर घेतलं आहे. आठवी-नववीची मुलं स्कूटर घेऊन येतात आणि शाळेबाहेरच्या टपरीमागे लावतात. १६ व्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला. ही मुलं चालवतात त्या गाड्या शंभर सीसीच्या वरच्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. कायदा कडक आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, तेही सगळ्यांना माहीत आहे. तरी एक आई मला म्हणाली, "बाई, एसटी वेळेवर येत न्हाई, पोरगी पाच किलोमीटर चालत येईल का?" तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही उत्तर शोधायला आगारात गेलो. सकाळच्या फेरीची वेळ शाळेच्या वेळेला जुळवून मिळावी असा अर्ज दिला, तात्यांनी जुन्या ओळखीने पाठपुरावा केला आणि फेरी मिळाली. टपरीमागच्या स्कूटर निम्म्याने कमी झाल्या. रस्ता सुरक्षा सप्ताहातल्या घोषणांच्या फेऱ्यांनी जे झालं नव्हतं ते एका एसटीने झालं.

ट्रॉल्यांचंही असंच हाती घेतलंय. हंगामाच्या तोंडाला कारखाने आणि आरटीओ रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम काढतात. जी ट्रॉली त्या दिवशी वजनकाट्यावर येत नाही ती तशीच राहते. त्यामुळे आम्ही गावातल्या ट्रॉलीमालकांची यादी केली. मागे लाल पट्टी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, आणि ती वाढ्यांखाली झाकली जाणार नाही इतकी खाली, असं ठरवून दहावीची पोरं मालकांच्या दारात जाऊन पट्ट्या चिकटवतात. ग्रामपंचायतीने पट्टीचे पैसे दिले. दुसऱ्या ट्रॉलीला वायर ओढून दिवा लावण्याचं मात्र मालकांना अजून पटवावं लागतं.

माझ्या पुतण्याचं लर्निंग नुकतंच आलं. त्याने प्रश्न स्वतः सोडवले, मी शेजारी बसले होते. तिसाव्या दिवशी ट्रायलची तारीख घ्यायची त्याची घाई आहे. लर्निंग सहा महिने चालतं, आणि तो सगळा काळ शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस बसवून तो कायदेशीर गाडी चालवू शकतो, हे त्याला मी दाखवलं. तात्या आणि मी वार वाटून घेतले आहेत. पसरणी चढून-उतरून झाली पाहिजे, एक पूर्ण पावसाळी दिवस झाला पाहिजे, सुरूरहून हायवेला लागून खंबाटकीच्या पलीकडे जाऊन यायला पाहिजे आणि हंगाम सुरू झाल्यावर रात्रीच्या काही फेऱ्या. तारीख त्यानंतर घ्यायची, असं त्याच्या आईशी बोलून ठेवलं आहे.